ताईच्या टीव्हीतली बेबी

३१ ऑक्टोबर २०२०, शनिवार

काल कोजागिरी झाली. आजचा माझा टीव्हीवरचा कार्यक्रम चांगला गेला असं थोरल्या बहिणीच्या लेकीचं, अनघाचं म्हणणं. ती आईजवळ बसून पाहत होती, हॉलंडात दुपारचे चार, आमच्याकडे साडेआठ. शेवटी मी डबा हलवला, "ओळखा पाहू काय आहे?" म्हटलं, तर विजूताई टीव्हीकडे बोट करून म्हणाली म्हणे, "बेबी, साबुदाण्याच्या पापड्या! आवाजच सांगून राहिला."

चूक. करंज्या होत्या. पण बेबी म्हणाली! साठी उलटली तरी मला बेबी म्हणणारं हे एकच माणूस उरलं आहे, आणि तेही फक्त टीव्हीसमोर.

भुलाबाईची गाणी झाली की डब्यातला खाऊ ओळखायचा हा खेळ जबलपुरात आता कोण खेळतं? नागपुराकडे तरी राहिला आहे की नाही कोण जाणे. मी तो बिनभाड्याने लंडनच्या चॅनेलवर नेऊन बसवला आहे. डबा या शनिवारी वाजवायचा, उत्तर पुढच्या शनिवारी.

५ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग. मागच्या खोलीत गाद्यांच्या चळतीत डोकं घालून, अंगावर रजई, पुढ्यात मोबाइल. ह्यांना सांगितलं, अर्धा तास पंखा बंद, कुकर बंद, तोंड बंद. तर हे बाहेरून, "आणि श्वास?"

तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा शेजारच्यांचा भाजीवाला आला. विजय नगरात पहाट सोडली तर शांतता मिळत नाही, आणि पहाटे माझा घसा उघडत नाही.

संध्याकाळी आवाज पाठवला. चित्रं चॅनेलवाला राजू तिकडे लंडनला घालतो. नर्मदेचे घाट, तुळस, समई. मागे एकदा लोणच्याची गोष्ट सांगत होते तर त्याने उंट दाखवले होते. त्याला मराठी जेमतेम कळतं हेच माझं भाग्य, काय बोलते ते कुणी तपासत नाही.

१४ नोव्हेंबर, दिवाळी

ताईला फोन. अनघाने तिच्या कानाशी धरला.

"ताई, मी बेबी."

"अच्छा अच्छा. आपण कुठून बोलता?"

"जबलपूरहून गं."

"हो का. माझी बहीण असते तिथे. तुम्ही ओळखता का तिला? टीव्हीवर येते."

ओळखते म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग तिने मला, म्हणजे त्या फोनवरच्या बाईला, माझंच कौतुक सांगितलं. लहानपणी मी किती हट्टी होते तेही सांगितलं. "आपण" म्हणून बोलत होती. ताईने मला "आपण" म्हणावं! फोन ठेवून रडले. लाडू खराब झाले त्यात, पाक पुढे गेला.

डच तर ती केव्हाच विसरली. पन्नास वर्षं त्या भाषेत बाजारहाट केला, शाळेच्या मीटिंगा केल्या, भावजींच्या गिरणीतल्या साहेबांना जेवायला घालून हसवलं, आणि ती अशी गेली जशी कुणी भाड्याने आणली होती. उरली मराठी. आणि त्या वृद्धाश्रमात मराठी कोण बोलणार? अनघा येते तेवढं, आणि शनिवारी चार वाजता मी.

२९ नोव्हेंबर

राजूचा फोन. महाराजपूरचा राजू, ह्यांच्या ट्रान्सपोर्टच्या मुनीमजींचा मुलगा. आता पन्नाशीचा, लंडनला एका भागीदाराबरोबर हे छोटंसं चॅनेल चालवतो. आवाज उतरलेला.

"चाची, एक दिक्कत है. इंग्लैंड यूरोप से निकल गया न. साल ख़तम होते ही हमारा लाइसेंस उधर नहीं चलेगा."

"उधर म्हणजे?"

"पूरा यूरोप. फ्रांस, हॉलैंड, सब. अभी तक लंदन का एक काग़ज़ सब जगह चलता था."

मला काही कळेना. ताईच्या आश्रमातल्या टीव्हीला इंग्लंडच्या भांडणाचं काय? हे पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "नॅशनल परमिट रद्द झालं. एका परमिटवर गाडी सगळ्या राज्यांत जात होती. आता मालकानं राज्यच सोडलं तर नाक्यावर अडवणारच."

रिछाईच्या कारखानदारी भागात तीस वर्षं ट्रका चालवल्या, म्हणून कळलं त्यांना. मी विचारलं, मग राजूने तिकडचं परमिट घ्यावं. तर राजू म्हणतो, तिकडे ऑफिस पाहिजे, काय दाखवायचं ते ठरवणारी माणसं तिकडे बसलेली पाहिजेत. मोठमोठ्या चॅनेलांनी केव्हाच केलं. "सब एम्सटर्डम जा रहे हैं, चाची."

म्हणजे लंडनचे मोठे लोक कागदासाठी ताईच्या देशात राहायला चालले, आणि ताईच्याच देशात माझा आवाज बंद होणार. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

१२ डिसेंबर

राजू आज खुशीत. इंग्लंड-युरोपच्या वाटाघाटी चालू आहेत, शेवटच्या घटकेला काहीतरी होईल, टीव्हीला सवलत मिळेल. "आदमी कोई रास्ता निकाल ही लेता है." हो बाबा. त्याच्या आवाजात मला मुनीमजींचा आवाज ऐकू आला, ते सुद्धा गाडी खड्ड्यात असताना असंच बोलायचे.

अनघाला अजून सांगितलं नाही.

२६ डिसेंबर, शनिवार

करार झाला. राजूने रात्रीतून वाचून काढला बिचाऱ्याने. टीव्ही त्यात नाही. बाहेर ठेवला आहे मुद्दाम.

हे म्हणाले, "मग आहे काय?"

मासे आहेत. कोणी कुठे किती मासे पकडायचे ते सगळं आहे.

आजचा कार्यक्रम आधीच तयार होता, नाताळाच्या सुट्ट्यांमुळे तीन एकदम करून दिले होते. त्यामुळे मला माहीत असतं तर काही वेगळं बोलले असते असंही नाही. ऐकलं अनघाच्या फोनवरून. नेहमीसारखा डबा वाजवला. ताई म्हणाली, "फुटाणे." मग म्हणाली, "नाही, थांब, पुढच्या शनिवारी सांगते."

पुढच्या शनिवारी. राजू म्हणतो गुरुवारी मध्यरात्रीपासून बंद. आज अनघाला सांगावं लागलं. ती म्हणाली, "मावशी, मी केबलच्या लोकांना लिहिते." लिही.

२ जानेवारी २०२१, शनिवार

निळा पडदा. त्यावर डचमध्ये दोन ओळी, हे चॅनेल आता उपलब्ध नाही. अनघाने फोटो पाठवला.

ताई चार वाजता केस विंचरून खुर्चीत बसली होती. करोनामुळे अनघाला तासभरच आत सोडतात, तो तासही तिने शनिवारीच मागून घेतला होता. ताई निळ्या पडद्यासमोर अर्धा तास बसली. साडेचारला म्हणाली, "आज बेबीला यायला उशीर झाला."

मी इकडे जेवले नाही. ह्यांनी ताट झाकून ठेवलं. चांगलं केलं.

९ जानेवारी

नवीन ऐका. जर्मनीत दिसतं! राजू म्हणाला, पुष्कळ देशांचा एक जुना करार आहे, त्या युरोपियन युनियनच्याही आधीचा, त्यात इंग्लंड अजून आहे. जर्मनी आहे, इटली आहे, आणखी कोण कोण. हॉलंड त्यात नाही.

"काहून नाही?"

"चाची, ये तो उनसे पूछना पड़ेगा."

ताईचं गाव एन्स्खेदे. तिथून जर्मनी म्हणजे विजय नगरातून भेडाघाटला जावं तेवढं, त्याहूनही जवळ. अनघा तिकडे पेट्रोल भरायला जाते, स्वस्त पडतं म्हणून.

केबलवाल्यांचं उत्तर आलं. दिलगीर आहेत.

१६ जानेवारी

आज मी मूर्खपणा केला.

ताई आठवडाभर त्या शेवटच्या डब्याचं विचारत होती. आश्रमातल्या बायांनाही विचारते, मराठीतच, त्या बिचाऱ्या मान हलवतात. मला वाटलं, उत्तर तरी कळू दे तिला. अनघाला सांगितलं, आवळासुपारी होती. तिने जाऊन आईला सांगितलं, "आई, डब्यात आवळासुपारी."

ताई भडकली. "तुला कोणी सांगितलं? चोरून पाहिलं ना तू?" अनघाला ती आमच्या लहानपणीच्या गल्लीतली कुठलीशी मुलगी समजली. म्हणे, जिचा डबा तिनेच उघडायचा, मधल्याने सांगितलं की डाव मोडला, आता बेबी रडेल. आणि मग स्वतःच रडू लागली. नर्सने अनघाला बाहेर जायला सांगितलं.

बरोबर आहे ताईचं. नियम तोच होता. सगळं विसरली आणि हे नाही विसरली. मला तरी सुचायला हवं होतं.

अनघा फोनवर म्हणाली, "मावशी, मी चीटिंग केली असं आई सगळ्यांना सांगते." हसवण्यासाठी म्हणाली असावी. जमलं नाही तिला.

३० जानेवारी

अनघाने टॅब्लेट नेला. माझेच कार्यक्रम त्यात भरून, राजूने चित्रांसकट पाठवले होते, उत्तरासकट सगळे. आश्रमाच्या टीव्हीला बाहेरचं काही जोडू देत नाहीत, नाहीतर तेच केलं असतं.

ताईने टॅब्लेट हातात घेतला, कानाला लावला, "हॅलो, आपण कोण?" म्हणाली. माझा आवाज आतून चालूच होता. ती आपली मधून मधून हो हो करत राहिली, फोनवर नकोशा माणसाशी बोलतात तसं. मग टॅब्लेट पालथा ठेवला आणि रिमोट घेऊन निळ्या पडद्याकडे धरला.

अनघाने चार वेळा तरी करून पाहिलं. उंच ठेवून, लांब ठेवून, भिंतीला टेकवून. नाही. बेबी त्या मोठ्या टीव्हीत, त्या नंबरावर, शनिवारी येते. बाकी सगळे आवाज परके.

१३ फेब्रुवारी

ताई बोलायची कमी झाली. सकाळची नर्स म्हणते, पूर्वी आपल्या भाषेत गुणगुणायची, आता नाही. जेवणही अर्धं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतंच. होत असेल. पण नेमकं आताच?

मला जाता आलं असतं तर टीव्हीशेजारी जाऊन उभी राहिले असते. विमानं नाहीत, व्हिसा नाही. असती तरी ती मला ओळखती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. आज विचारला.

१८ फेब्रुवारी

राजूला झापलं. विनाकारण. म्हटलं, एवढं चॅनेल काढलंस तर एक माणूस तिकडे बसवता येत नाही तुला? तो ऐकून घेतो, लहानपणापासूनची सवय. नंतर म्हणाला, "चाची, आपकी दीदी अकेली नहीं हैं. रोज़ चिट्ठी आती है. बेल्जियम में एक गुजराती बाबा हैं, भजन के टाइम पर टीवी के सामने दिया लगाते हैं अब भी."

मग विचारलं, आता पुढे काय?

एका दुसऱ्या देशात परमिटसाठी अर्ज केला आहे त्याने. तिथल्या कुणाच्या ऑफिसात भागीदारी. भिजत घोंगडं.

७ मार्च

लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवता ठेवता आठवलं. ताई भुलाबाईत कधीच बरोबर ओळखायची नाही. सगळ्यांत मोठी, सगळ्यांत हुशार, आणि डबा वाजला की हमखास भलतंच नाव घ्यायची. खोबऱ्याचे तुकडे खडखड वाजतायत आणि ही म्हणते शिरा! मी चिडायचे. मग एकदा आईने सांगितलं होतं की बरोबर ओळखलं की खाऊ वाटतात, आणि खाऊ वाटला की पोरींनी घरी जायचं. विजूला घरी जायचं नसतं.

म्हणजे कोजागिरीच्या वेळी ती साबुदाण्याच्या पापड्या म्हणाली ते काय होतं? आजारामुळे चुकली, की कार्यक्रम संपू नये म्हणून? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तुला जे बरं वाटेल ते धर." मला बरं काय वाटेल तेही कळेना.

१७ एप्रिल

मला करोना झाला. ताप, वास नाही. हे दुसऱ्या खोलीत. रस्त्यावर सारख्या अँब्युलन्स. समोरचे तिवारीजी गेले. घाटावर जागा नाही म्हणतात.

रेकॉर्डिंग बंद. राजू जुने कार्यक्रम लावतो आहे.

२९ एप्रिल

उठून बसले. ह्यांनी खिचडी केली, मीठ विसरले. मला चव नाहीच, त्यामुळे दोघंही सुखी.

११ मे

आवाज गेला तो परत आला, पण दुसऱ्याच कुणाचा तरी. घोगरा, मधेच चिरतो. गाद्यांत डोकं घालून बोलून पाहिलं, ऐकलं, पुसून टाकलं. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. येईल किंवा असाच राहील.

ताईला आता नुसता आवाजच ओळखू येतो. तोही मी घालवून बसले.

२२ मे

राजूला म्हटलं, दुसरी कुणी बघ. नागपूरची एखादी तरुण मुलगी. तो म्हणाला, "चाची, ये आप गुस्से में बोल रही हैं. गुस्सा उतर जाए तब रिकॉर्ड करके भेजना." मुनीमजींचा मुलगा शोभतो.

तसं पाहिलं तर मराठीचा अर्धा तास त्यालाही परवडत नाही. आमचे पाहणारे बरेचसे हॉलंड-बेल्जियमकडेच होते, तेच गेले. त्याने बोलून दाखवलं नाही. मीच हिशेब केला.

५ जून

घोगऱ्याच आवाजात एक करून पाठवला. विषय, फणस. ह्यांना ऐकवला, तर म्हणाले, "फणसासारखाच झालाय, वरून काटे." रजई फेकून मारली.

१४ जून

अनघाने काय काढलं बघा. म्हणते, "मावशी, टीव्ही आईकडे येत नाही तर मी आईला टीव्हीकडे नेते."

आश्रमातून आता बाहेर न्यायला परवानगी आहे, दोघींच्या लशी झाल्या. ग्रोनाऊ म्हणून जर्मनीतलं गाव, तिच्या घरापासून गाडीने अगदीच जवळ. तिथे एक तमिळ माणूस श्रीलंकेचा, डाळ-तांदूळ-मसाल्यांचं दुकान. त्याच्याकडे भिंतीवर मोठा टीव्ही आहे आणि राजूचं चॅनेल लागतं, दिवसभर हिंदी गाणी चालू असतात म्हणे. अनघा जाऊन विचारून आली. शनिवारी चार वाजता अर्धा तास. तो म्हणाला, आईला घेऊन या, खुर्ची ठेवतो.

या पोरीला मराठी धड लिहिता-वाचता येत नाही, आणि बघा.

मी नको म्हणणार होते. माझा आवाज असा. तिथे ताईने ओळखलं नाही तर? मग निळा पडदाच बरा, निदान बेबी उशिरा येतेय एवढंच वाटतं तिला. पण अनघाला नाही म्हणायचा मला काय हक्क?

१९ जून

राजूला सांगितलं. तो म्हणाला जुना कार्यक्रम लावू का, आधीच्या आवाजातला? रात्रभर विचार करते म्हटलं.

२० जून

नवाच लाव म्हणून कळवलं. बेबी आता आहे ती अशी आहे. ताईला फसवून काय मिळवू? आणि खरं सांगायचं तर मलाच कळायला हवं आहे.

२६ जून, शनिवार

आजच लिहायला हवं.

संध्याकाळी साडेसातच्या जरा आधी (तिकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात) अनघाने फोन लावला आणि चालू ठेवून खिशात घातला, मला ऐकू यावं म्हणून. आधी नुसती गाडीची दारं. मग दुकानाची घंटी, गिऱ्हाइकांची बोलणी, तो तमिळ भाऊ "वणक्कम, अम्मा" म्हणाला. ताईला त्याने तांदळाच्या पोत्यांजवळ खुर्चीवर बसवलं असावं, कारण ती म्हणाली, "अरे वा, वास किती छान येऊन राहिला." किती महिन्यांनी तिचं पूर्ण वाक्य ऐकलं! मी ह्यांचा हात घट्ट धरून बसले होते.

गाणं लागलं आमच्या कार्यक्रमाचं. मग माझा आवाज. घोगरा, फणसाचा. दुकानातल्या टीव्हीतून, तिथून फोनमधून, असा फिरून मला परत ऐकू येत होता.

ताई काही बोलली नाही. मी म्हटलं, संपलं. नाही ओळखलं.

आणि मग ती म्हणाली. अगदी पूर्वीच्या आवाजात, खडसावून.

"बेबी! घसा बसला ना? किती वेळा सांगितलं, थंड पाणी पिऊन राहिली असशील. ऐकत नाही ही पोरगी."

मला राहवलं नाही. मी फोनवर ओरडले, "हो गं ताई, बसला घसा! बरा होतोय आता!" ओरडले म्हणजे खरंच ओरडले, हे दचकले. अनघाने फोन खिशातून बाहेर काढला असावा, कारण माझा आवाज तिकडे मोठ्याने गेला.

ताई चिडली. अनघाला म्हणाली, "ही कोण बाई मधेच बोलून राहिली? बंद करा तिला. माझी बहीण बोलून राहिली ना."

मग मला, सरळ फोनमध्ये, सभ्यपणे, "बाई, जरा थांबता का? अर्धाच तास असते ती."

थांबले. तोंडावर पदर दाबून बसले. ती अर्धा तास माझ्याशी बोलत होती आणि मी ऐकत होते. फणसाचे गरे कसे काढायचे ते मी चुकीचं सांगते म्हणाली. आईची आठवण काढली. भावजींची चौकशी केली. मधे एकदा खूप हसली, कशाला ते कळलं नाही. शेवटी डबा वाजला. तिने चार-पाच नावं घेतली भराभर, एकही बरोबर नव्हतं.

फोन बंद झाल्यावर ह्यांनी पाणी आणलं. साधं, माठातलं नाही.

३० जून

अनघा सांगते, परत येताना ताई गाडीत झोपली. आश्रमात पोचल्यावर कुठे आहे ते कळेना, दोन दिवस फार बिथरली. रात्री उठून दाराशी. बेबीकडे जायचं म्हणते. तिथल्या मोठ्या नर्सचं म्हणणं की असा प्रवास तिला झेपत नाही, दर आठवड्याला तर नाहीच. पण त्या दोन दिवसांत ती पोटभर जेवली, गुणगुणली, हेही त्याच नर्सने सांगितलं. ठरव आता.

राजूच्या अर्जाचं काही नाही. तिकडून आणखी प्रश्न आले आहेत. मराठीचं तो दिवाळीपर्यंत तरी चालवीन म्हणतो. पुढचं पुढे.

२ जुलै

अनघाचा फोन.

"मावशी, उद्या नको. आईला थोडा आराम. पण एकदा अजून नेईन, महिन्यात. नेऊ ना?"

ने म्हटलं. मग मीच विचारलं, "ती नंतर बिथरली तर?"

"मग मी तिच्याजवळ बसीन."

"अनघा, नेशील तेव्हा मला फोन लावू नकोस."

"काहून?" ताईचाच शब्द, ताईच्याच सुरात. डच नवऱ्याबरोबर राहते आणि काहून म्हणते!

"ताईला व्यत्यय होतो."

"मग तुला आईचा आवाज कसा ऐकू येईल?"

कुकर लावलाय म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता. मागच्या खोलीत जाऊन गाद्या रचल्या, ह्यांना पंखा बंद करायला सांगितलं.